विश्लेषण : मुक्तिसंग्रामाचा ‘तो’ फोटो खरा आहे का? नळदुर्ग ते अँटीटम, युद्धाची जुनी छायाचित्रे कशी वाचायची?

१७ सप्टेंबर जवळ आला की धाराशिव जिल्ह्यातले व्हॉट्सॲप ग्रुप आणि स्टेटस काळ्या-पांढऱ्या फोटोंनी भरून जातात. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन, हुतात्मा स्मारकावरचे फूल वाहणे आणि त्यासोबत ‘दुर्मिळ फोटो, नक्की पाहा’ असा मजकूर. कुठे रणगाड्यांची रांग असते, कुठे बंदुका घेऊन उभे असलेले तरुण, तर कुठे ढिगाने पडलेले मृतदेह. खाली कुणीतरी मराठवाड्यातल्या एखाद्या गावाचे नाव टाकलेले असते. गेल्या काही वर्षांत यात आणखी एक भर पडली आहे. हेच फोटो रंगवून, हलते करून रीलमध्ये येतात.

यातला कोणता फोटो हैदराबाद संस्थानातला, कोणता फाळणीचा आणि कोणता भलत्याच देशातला, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. ज्या गावाचे नाव फोटोखाली असते त्या गावात दोन्ही बाजूंच्या घरांची नातवंडे आजही एकाच बाजारात भाजी घेतात. चुकीच्या गावाच्या नावाने फिरलेला एक मृतदेहाचा फोटो काय करू शकतो, हे वेगळे सांगायला नको. म्हणून आधी घडले काय ते पाहू, मग कॅमेऱ्याकडे वळू.

नळदुर्गला काय घडले होते?

१३ सप्टेंबर १९४८. भारतीय सैन्याने ‘ऑपरेशन पोलो’ सुरू केले, सरकारी भाषेत ‘पोलीस कारवाई’. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखालची मुख्य फौज सोलापूरच्या बाजूने हैदराबाद रस्त्याने आत शिरली. संस्थानची हद्द ओलांडल्यावर पहिली मोठी अडचण होती नळदुर्ग. एकीकडे किल्ला, दुसरीकडे बोरी नदीवरचा पूल. पूल उडाला असता तर पावसाळ्यात रणगाडे आणि ट्रक तिथेच अडकले असते. नळदुर्गला पहिली हैदराबाद इन्फन्ट्री तैनात होती. सातव्या ब्रिगेडने अचानक धडक मारून पूल शाबूत ताब्यात घेतला आणि त्यानंतर दुसऱ्या शीख पलटणीने किल्ल्याजवळच्या ठाण्यांवर हल्ला चढवला. पूल उडवण्याची जबाबदारी ज्याच्याकडे होती तो एक ब्रिटिश भाडोत्री अधिकारी होता. तो जिवंत पकडला गेला.

पुढचा वेग आजच्या वाहनांनाही लाजवणारा आहे. सकाळी नऊ वाजता चिलखती तुकडी आठ किलोमीटरवरच्या जळकोटात होती आणि दुपारी सव्वातीनपर्यंत हद्दीपासून सुमारे ६१ किलोमीटर आत, उमरग्यात. दुसरी तुकडी पहाटेच तुळजापूरला पोचली होती. तिथे पहिल्या हैदराबाद इन्फन्ट्रीची एक तुकडी आणि सुमारे २०० रझाकार दोन तास लढले आणि मग शरण आले. लोहाऱ्याकडे जाणारी वाट मात्र नदीला पूर आल्याने अडली. एका दिवसात या जिल्ह्याचा मोठा भाग निजामाच्या हातून गेला. १७ सप्टेंबरला निजाम मीर उस्मान अली खान यांनी युद्धबंदी जाहीर केली आणि १८ तारखेला शरणागती झाली.

ज्यांच्या नावावरून जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद पडले ते हेच उस्मान अली खान. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवीही लांबचा नव्हता. तो लातूरला वकिली करत असे आणि लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते, स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. म्हणजे या गोष्टीतली निम्मी पात्रे आणि पहिली लढाई, दोन्ही इथलीच.

मग आपल्याला आठवतात ते फोटो कुठले?

‘पोलीस ॲक्शनचा फोटो’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतात ते साधारण दोन. पहिल्यात संस्थानच्या सैन्याचे प्रमुख मेजर जनरल सय्यद अहमद अल इद्रूस आणि जनरल चौधरी समोरासमोर आहेत. हा सिकंदराबादचा, शरणागतीचा. दुसऱ्यात सरदार पटेल विमानतळावर उतरले आहेत आणि निजाम हात जोडून उभे आहेत. हा बेगमपेटचा आहे आणि तो १९४८ चा नाहीच. पटेल हैदराबादला आले ते १९४९ च्या फेब्रुवारीत, कारवाईनंतर पाच महिन्यांनी. तरीही ‘१७ सप्टेंबर १९४८ : निजामाची शरणागती’ अशा ओळीखाली तो सर्रास छापला जातो. फोटो अस्सल, ओळ खोटी. फॅक्ट चेकच्या कामात हा प्रकार सगळ्यात जास्त सापडतो आणि सगळ्यात उशिरा पकडला जातो, कारण फोटोत शोधण्यासारखे काही खोटे नसतेच.

या दोन्ही फोटोंत आणखी एक साम्य आहे. दोन्ही लढाई संपल्यानंतरचे आहेत, दोन्हींत मोठी माणसे आहेत आणि दोन्ही वेळा छायाचित्रकाराला कुठे उभे राहायचे ते आधी ठाऊक होते. नळदुर्गच्या पुलाचे तसे नव्हते. हल्ला पहाटेचा, आभाळ पावसाळी, मोहीम गुप्त. त्या काळच्या फिल्मला प्रकाश भरपूर लागायचा. आजचा मोबाइल अंधारात सहज टिपतो ते तेव्हाच्या चांगल्या कॅमेऱ्यालाही जमले नसते. पुलाचा ताबा ही घटना काही मिनिटांची. शरणागती मात्र दुपारच्या उजेडात, ठरवून, शिस्तीत होते. म्हणून इतिहासाच्या पुस्तकात हस्तांदोलन येते आणि पूल येत नाही.

हे फक्त आपल्याकडेच झाले का? अजिबात नाही. युद्ध आणि कॅमेरा यांची गाठ पडल्यापासून हेच चालू आहे.

आणखी एक १७ सप्टेंबर

अमेरिकेतल्या यादवी युद्धातली सर्वांत रक्तरंजित तारीखही १७ सप्टेंबरच आहे, साल १८६२. मेरीलँडमध्ये अँटीटम नावाच्या ओढ्याकाठी एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३ हजार सैनिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. दोन दिवसांनी अलेक्झांडर गार्डनर आणि जेम्स गिब्सन हे छायाचित्रकार कॅमेरा घेऊन रणांगणावर फिरले. अनेक मृतदेह अजून पुरायचे होते. ऑक्टोबरमध्ये मॅथ्यू ब्रॅडी यांच्या न्यूयॉर्कमधल्या दालनात ती छायाचित्रे मांडली गेली आणि शहर हादरले. तोपर्यंत युद्ध म्हणजे वर्तमानपत्रातली नावांची यादी होती. आता त्या यादीला चेहरे आले, फुगलेली पोटे आली, उघडी तोंडे आली. फोटो गार्डनरचे होते, पण नाव झाले ब्रॅडीचे. त्यानंतर काही महिन्यांतच गार्डनरने वेगळी चूल मांडली.

मात्र अँटीटमच्या त्या फोटोंत लढाई नाही. लढाईचे उरलेसुरले आहे. याचे कारण रसायनशास्त्रात आहे आणि ते एकदा समजले की जुन्या फोटोंतले निम्मे घोळ आपोआप सुटतात.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने ‘ओल्या काचे’ची पद्धत शोधली. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायची. सगळे मिळून दहा-पंधरा मिनिटांत. वाळली की काच वाया. म्हणजे छायाचित्रकाराला अंधारखोली सोबतच न्यावी लागे. तंबू, बैलगाडी किंवा घोडागाडी, त्यात काचा, बाटल्या, पाण्याचे पिंप. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर कोलोडियनमधला ईथर बघता बघता उडून जाई.

भिंगावरचे झाकण काढून हाताने परत लावायचे, हाच शटर. मधल्या काही सेकंदांत जे हलले ते पुसट झाले किंवा दिसलेच नाही. पळणारा घोडा म्हणजे फार तर धुराची रेघ. पण तंबू हलत नाही, तोफ हलत नाही, खुर्चीत ताठ बसलेला कॅप्टन हलत नाही आणि मेलेला माणूस तर हलतच नाही. एकोणिसाव्या शतकातल्या युद्धाच्या फोटोंत छावण्या, तोफा, अधिकाऱ्यांचे गट आणि प्रेते एवढेच का दिसते, याचे उत्तर इथे आहे. त्यामुळे १८५७ चा म्हणून तलवार उगारून घोडा उधळवणाऱ्या वीराचा स्वच्छ, कुठेही न हललेला फोटो आला, तर तो पुढे पाठवण्याआधी थांबावे. तो चित्रावरून केलेला असेल, सिनेमातला असेल किंवा संगणकाने काढलेला.

रंगांचेही तसेच. ओली काच निळ्या प्रकाशाला जागी आणि लाल प्रकाशाला आंधळी होती. त्यामुळे आभाळ पांढरेफटक येई आणि इंग्रज शिपायाचा लालभडक कोट जवळजवळ काळा. १९४८ ची फिल्म सगळे रंग ओळखायची, पण दाखवायची करड्या छटांतच. तेव्हाच्या फोटोतल्या झेंड्याकडे बोट दाखवून ‘हा भगवा’, ‘हा आसफियाचा पिवळा’ असे कुणी छातीठोक सांगत असेल तर ते झेंड्यावरच्या चिन्हावरून सांगतो की स्वतःच्या मनातून, हे विचारावे. रंगीत केलेल्या जुन्या फोटोत तर झेंड्याचा रंग सॉफ्टवेअरने किंवा ते वापरणाऱ्याने निवडलेला असतो.

भारतात युद्धाचा पहिला कॅमेरा कुणाचा?

युद्धाच्या छायाचित्रणाची गोष्ट अमेरिकेपासून सुरू होते असे अनेकांना वाटते. भारतात ती त्याआधीची आहे. बंगाल आर्मीतला सर्जन जॉन मॅकॉश याने १८४८-४९ च्या दुसऱ्या इंग्रज-शीख युद्धात कॅमेरा वापरला. ओली काच तेव्हा यायची होती, त्याची निगेटिव्ह कागदाची होती. अधिकारी, पंजाबातली माणसे, मुलतानचा दिवाण मूलराज असे फोटो त्याने काढले. पुढे ब्रह्मदेशाच्या दुसऱ्या युद्धातही त्याचा कॅमेरा होता. लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये त्याचा संग्रह आहे. ज्यांची नावे आज माहीत आहेत अशा युद्धछायाचित्रकारांत त्याचे नाव सर्वांत आधी घेतले जाते आणि तो पगारी डॉक्टर होता, हौसेने फोटो काढणारा. त्यानंतर १८५५ मध्ये रॉजर फेंटन क्रिमियाच्या युद्धावर गेला. साडेतीनशेहून अधिक काचा घेऊन परतला, पण त्यांत मृतदेह नव्हते. लंडनच्या ग्राहकांना ते नको होते.

मुंबईतही कॅमेरा वेळेवर पोचला होता. १८५४ मध्ये तिथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले नामांकित छायाचित्रकार. लखनौला अहमद अली खान इंग्रज कुटुंबांचे फोटो काढत होते. त्यातली कित्येक माणसे पुढे १८५७ च्या वेढ्यात सापडली. म्हणजे उठाव झाला तेव्हा देशात कॅमेरे होते, कॅमेरा चालवणारे भारतीय हातही होते. पण उठावाची म्हणून जी छायाचित्रे जगभर गेली ती काढली फेलिचे बियातो या बाहेरून आलेल्या व्यावसायिकाने आणि तीही १८५८ मध्ये, धामधूम ओसरल्यावर.

बियातोचा सिकंदर बागेचा फोटो तुम्ही पाहिला असेल. लखनौमधली ती पडकी इमारत, समोर चार माणसे, एक घोडा आणि सगळ्या अंगणात विखुरलेल्या कवट्या आणि हाडे. १८५७ च्या नोव्हेंबरमध्ये इथे सुमारे दोन हजार बंडवाले शिपाई मारले गेले. फोटो काढला गेला त्यानंतर चार-पाच महिन्यांनी. इतके महिने ती हाडे उघड्यावर अशी पडून होती? त्या काळी लखनौला असलेले अधिकारी जॉर्ज कॅम्बेल यांनी आपल्या आठवणींत याचे उत्तर देऊन ठेवले आहे. प्रेते झाकून टाकलेली होती, पण छायाचित्रकाराने ती फोटोसाठी पुन्हा उघडी करायला लावली.

यात खोटे काय? माणसे तिथेच मारली गेली, हाडे त्यांचीच असणार, इमारत तीच. पण आपण पाहतो ते नोव्हेंबरचे रणांगण नाही, मार्चमध्ये मांडलेला देखावा आहे आणि तो जिंकणाऱ्याच्या गिऱ्हाइकांसाठी मांडलेला आहे. इंग्लंडमध्ये ज्यांनी तो विकत घेतला त्यांच्यासाठी ती ‘शिक्षे’ची पावती होती. तोच फोटो आज आपण क्रूरतेचा पुरावा म्हणून फिरवतो. काच तीच, अर्थ बदलला.

गार्डनरनेही पुढच्या वर्षी असेच केले. जुलै १८६३ मधल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतरचा त्याचा एक फोटो फार गाजला. दगडांच्या आडोशाला मरून पडलेला दक्षिणेकडचा नेमबाज, शेजारी भिंतीला टेकवलेली बंदूक. विसाव्या शतकात अभ्यासकांनी खडकांच्या खुणा जुळवून दाखवले, की तेच प्रेत सुमारे चाळीस यार्डांवरच्या दुसऱ्या फोटोतही आहे. ते उचलून आणले होते. टेकवलेली बंदूकही नेमबाज वापरत त्या प्रकारची नव्हती.

नानासाहेब म्हणून छापला, निघाला ठेकेदार

चुकीची फोटोओळ हा मोबाइलचा शोध नाही. १८५७ नंतर नानासाहेब पेशवे इंग्रजांना हवे होते आणि ते दिसतात कसे याची लंडनला उत्सुकता होती. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये नानासाहेब म्हणून जे चित्र छापून आले ते प्रत्यक्षात अयोध्याप्रसाद नावाच्या, सैन्याला रसद पुरवणाऱ्या ठेकेदाराचे होते, अशी हकीकत फोर्ब्स-मिचेल या हायलँडर सैनिकाने आपल्या आठवणींत नोंदवली आहे. ही नुसती गंमत नव्हे. नानासाहेब समजून पकडलेल्या माणसांच्या बातम्या पुढे कितीतरी वर्षे येत राहिल्या. चेहरा चुकला की कुणाच्या तरी गळ्याशी येते, हे तेव्हाही खरे होते.

झाशीच्या राणीचा ‘१८५० साली काढलेला अस्सल फोटो’ही अधूनमधून फिरतोच. तो राणी लक्ष्मीबाईंचाच असल्याचे सिद्ध झालेले नाही. तरी तो दर वर्षी परत येतो, कारण आपल्याला तो हवा असतो.

तेव्हा वर्तमानपत्रांना फोटो छापताच येत नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवे. फोटोवरून लाकडावर कोरीवकाम करणारा कारागीर चित्र कोरायचा आणि मग ते छापले जायचे. कोरताना तो आकाशात ढग घालायचा, एखादा घोडा वाढवायचा. ठिपक्यांच्या पद्धतीने खरा फोटो वर्तमानपत्रात छापायला सुरुवात झाली ती १८८० च्या आसपास.

निजामाच्या राज्यात कॅमेरा कशावर रोखला होता?

१८५३ च्या तहाने नळदुर्गचा मुलूख काही वर्षे इंग्रजांच्या कारभाराखाली गेला होता. तिथला डेप्युटी कमिशनर होता मेडोज टेलर, ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’चा लेखक. १८५७ मध्ये उठाव पेटला आणि त्याची बदली वऱ्हाडात झाली. नळदुर्गच्या मुक्कामात त्याच्या हाती होती ती पेन्सिल. पुढे इंग्लंडला परतल्यावर १८६६ मध्ये विजापूरच्या वास्तूंच्या छायाचित्रांचा मोठा ग्रंथ निघाला, त्यातला ऐतिहासिक मजकूर टेलरने लिहिला. छायाचित्रे लष्करातल्या अधिकाऱ्यांसह इतरांनी काढलेली होती. त्या काळचे किल्ले आणि घुमट काचेवर उतरले, गावे मात्र फारशी उतरली नाहीत.

निजामाच्या दरबारी छायाचित्रणाचे युग आणले लाला दीनदयाळ यांनी. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात अभियांत्रिकी शिकले, इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढायचे काम धरले आणि कॅमेऱ्याच्या नादी लागले. (इंजिनीअरिंग करून भलत्याच धंद्यात शिरण्याची परंपरा बरीच जुनी आहे, एवढे यावरून म्हणता येते.) १८८० च्या दशकात त्यांनी सिकंदराबादला स्टुडिओ काढला आणि सहाव्या निजामाने त्यांना ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब दिला. त्यांच्या काचांवर दरबार आहेत, शिकारी आहेत आणि संस्थानचे सैन्यही आहे. पलटणी रांगेत, घोडदळ खड्या पवित्र्यात, कवायतीच्या मैदानावर तंबूंच्या ओळी. अप्रतिम छायाचित्रे आहेत. पण हे शांततेच्या काळातले सैन्य आहे, फोटोसाठी इस्त्री केलेले. सैनिक म्हणजे शोभा. याच सैन्याची पुढची पिढी नळदुर्गच्या पुलाजवळ लढली तेव्हा दीनदयाळांना जाऊन चार दशके उलटली होती.

जे फोटोत येत नाही, त्याचे काय?

आता पुन्हा १९४८. १३ ते १८ सप्टेंबर हे दिवस फोटोत दिसतात, कारण ते सैन्याचे होते. त्याआधीचे आणि नंतरचे महिने गावांचे होते. आधी रझाकारांची लूट, जाळपोळ, खून. सरहद्दीलगतच्या गावांतली माणसे घरे सोडून सोलापूर-बार्शीच्या बाजूला गेली. स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचे सशस्त्र कँप सरहद्दीच्या त्या बाजूला होते. लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवून गेलेले स्वामी रामानंद तीर्थ या लढ्याचे नेते होते. हैदराबादेत ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला, तो ते रझाकारांविरुद्ध लिहीत होते म्हणून. मुसलमान संपादकाचा रझाकारविरोधासाठी गेलेला जीव व्हॉट्सॲपच्या सरळसोट गोष्टीत बसत नाही. म्हणून तो फारसा फॉरवर्ड होत नाही.

आणि नंतर? केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संस्थानात दौरा केला. शेकडो माणसांशी ते बोलले. त्यांच्या अहवालाचा अंदाज असा, की कारवाईदरम्यान आणि त्यानंतर २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली. बळी मुख्यतः मुसलमान. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी नोंदवले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांतच १८ हजारांहून अधिक. रझाकारांनी आधी केलेल्या अत्याचारांचा सूड ही यामागची मोठी प्रेरणा होती, हेही अहवालात आहे. काही मुसलमान कुटुंबांना हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन वाचवले, हेही आहे. हा अहवाल कित्येक दशके सर्वसामान्यांच्या हाती आला नाही. या आकड्यांवर वादही आहेत. पण आपल्या जिल्ह्याचे नाव त्या यादीत आहे, याची माहिती जिल्ह्यातच किती जणांना असते?

त्या वेळचे उस्मानाबादचे कलेक्टर मोहम्मद हैदर यांनीही आठवणी लिहून ठेवल्या. जानेवारी १९४८ मध्ये ते इथे रुजू झाले, कारवाईनंतर अटकेत गेले. पुस्तक प्रसिद्ध झाले २०१२ मध्ये. त्यांची बाजू सगळ्यांना पटेल असे नाही, ते निजामाचे अधिकारी होते. पण सरहद्दीवर दररोज काय चालले होते याचे तपशील त्यात आहेत. फोटोत येत नाहीत असे तपशील.

रझाकारांनी जाळलेली गावे आणि नंतर मारलेली माणसे, या दोन्हींची आठवण आपल्याकडे प्रामुख्याने शब्दांत उरली आहे. नेमकी हीच रिकामी जागा भरायला दुसरीकडचे मृतदेह आणले जातात. फाळणीचे, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे, कधी परदेशातल्या युद्धाचे. पाठवणाऱ्याचा हेतू दर वेळी वाईट असतोच असे नाही. आजोबांनी सांगितलेले खरे होते हे दाखवायला त्याच्याकडे फोटो नसतो, एवढेच.

फोटो आला तर तपासायचा कसा?

पहिले काम पाच सेकंदांचे. गूगल लेन्समध्ये फोटो टाका आणि तो सर्वांत आधी कुठे, कोणत्या ओळीसह आला ते पाहा. फॉरवर्ड होत आलेल्या फोटोत तारीख, कॅमेरा वगैरे माहिती उरलेली नसते, त्यामुळे ‘प्रॉपर्टीज’ पाहून काही हाती लागत नाही. फोटोला संग्रहाचे नाव आहे का, हे महत्त्वाचे. खऱ्या जुन्या फोटोमागे बहुधा एखादे संग्रहालय, वृत्तसंस्था, सरकारी विभाग किंवा कुणाच्या तरी घरचा अल्बम असतो. ‘दुर्मिळ’ एवढाच शब्द असेल तर संशय घ्यावा.

मग फोटोतल्या क्षुल्लक गोष्टी. शिरस्त्राण, रायफल, गाडीची नंबरपाटी, दुकानाच्या पाटीवरची लिपी. निजामाच्या राज्यातल्या गावात सरकारी पाट्यांवर उर्दू हमखास असायची. झाडी आणि घरेही बोलतात : धाब्याची मातीची घरे, काळ्या दगडाचे वाडे आणि सपाट माळ असेल तर मराठवाडा शक्य आहे, कौलारू उतरती छपरे आणि नारळ असतील तर नक्कीच नाही. अगदी जुन्या, तांब्याच्या पत्र्यावरच्या डगेरोटाइपमध्ये प्रतिमा आरशासारखी उलटी येते. तलवार उजव्या कमरेला आणि बटणे उलट्या बाजूला दिसली तर माणूस डावखुरा ठरवण्याची घाई करू नये. एआयने काढलेल्या ‘जुन्या’ फोटोंत मात्र बोटे, पट्ट्यांची टोके आणि पाट्यांवरची अक्षरे अजूनही गडबडतात. पुढच्या वर्षी गडबडतील याची खात्री देता येत नाही.

याहून मोलाचे काम घरी आहे. जिल्ह्यात अनेक घरांत स्वातंत्र्यसैनिकाचा एक तरी फोटो ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे किंवा पेन्शनच्या कागदांच्या फायलीत असतो. कँपमधला गट, खांद्यावर बंदूक, कधी सोलापूरच्या स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढे काढलेला. असा फोटो लॅमिनेट करू नका, उष्णतेने आणि चिकट थराने तो कायमचा खराब होतो. काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा. स्कॅन ६०० डीपीआयवर, दोन्ही बाजूंचा, कारण स्टुडिओचा शिक्का आणि तारीख मागेच असते. मोबाइलनेच काढायचा असेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, वरून सरळ.

आणि फोटोतली माणसे कोण आहेत ते घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला लगेच विचारून घ्या. १९४८ मध्ये जे दहा वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या घरात आहेत. नावे, गाव, अंदाजे महिना हे सगळे फोटोच्या मागे कोपऱ्यात, मऊ शिशाच्या पेन्सिलीने, जोर न देता लिहा. बॉलपेनची शाई पुढच्या बाजूला उमटते.